लाकूड, कोळसा आणि मधली वाट



फाळ पाजवून घ्यायला आपण लोहाराकडे जातो. त्याच्या अंगणात लाकडाचा ढीग असतो, पण भात्यापुढे तो घालतो कोळसाच. असं का बरं? लाकडाला आग लागत नाही का? लागते, पण लोखंड लाल करण्याइतकी ती एके जागी साठत नाही. कारण लाकडात जळणाबरोबर न जळणारेही पुष्कळ असते.

त्यात पहिले पाणी. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. चांगले वाळले तरी १५ ते २० टक्के उरतेच. एक किलो पाण्याची वाफ करायला ६०० हून अधिक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे ओले सरपण चुलीत घातले, की आधी ते आपली आग पिते आणि मग भाकरी भाजते. धुराने डोळे चोळणाऱ्या आईला हे कुणी सांगायला नको.

आता कोळशाची भट्टी पाहू. लाकडे रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, थोडी भोके ठेवायची आणि पेटवायचे. आत हवा बेताचीच, म्हणून लाकूड जळून राख होत नाही. थोडे जळते आणि बाकीचे भाजून निघते. १०० अंशांच्या सुमारास पाणी जाते. २०० च्या पुढे लाकडाचे घटक फुटू लागतात. २८० च्या आसपास लाकूड स्वतःच उष्णता सोडू लागते. ४०० ते ५०० अंशांपर्यंत गेले, की उरतो तो कोळसा. भट्टीवाल्याजवळ उष्णतामापक नसतो. तो धूर वाचतो. पांढरा दाट धूर म्हणजे पाणी जात आहे. धूर निळसर, विरळ झाला, की तो भोके बुजवतो. शाळा न पाहिलेल्या माणसाचे हे रसायनशास्त्रच आहे!

कोकणातली कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली. पावसाळा सरला, की उचल घेऊन मुलाबाळांसह दूरच्या भट्ट्यांवर जायचे आणि ती उचल फेडता फेडता वर्ष घालवायचे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. शिक्षकांनो, पटावरचे एखादे नाव दिवाळीनंतर वर्गातून नाहीसे होते, तेव्हा ते मूल कुठल्या भट्टीच्या धुरात आहे, याची चौकशी आपण केली पाहिजे.

आणखी एक हिशेब मांडू. १०० किलो वाळलेल्या लाकडात सुमारे साडेतीन लाख किलोकॅलरी असतात. मातीच्या भट्टीतून कोळसा निघतो साधारण २० किलो. किलोला ७,००० धरल्या तर हाती येतात १ लाख ४० हजार. बाकीची ६० टक्के उष्णता धुरावाटे आकाशात गेली! कोळसा उत्तम, पण झाडांना फार महाग पडतो.

मग मधली वाट नाही का? आहे. शेंगदाणा आपण भाजतो, जाळत नाही. तसेच लाकूड नुसते भाजायचे. हवा बंद ठेवून २०० ते ३०० अंशांवर अर्धा-एक तास. या क्रियेला टॉरिफॅक्शन म्हणतात. कोरड्या लाकडाचे वजन सुमारे ७० टक्के उरते, पण उष्णता उरते जवळजवळ ९० टक्के. रंग तपकिरी होतो, लाकूड ठिसूळ बनते आणि सहज दळता येते. ते हवेतला ओलावाही फारसा ओढून घेत नाही. म्हणूनच वीजकेंद्रांत दगडी कोळशाबरोबर असे भाजलेले काडीकचऱ्याचे जळण वापरण्याचे धोरण केंद्राने २०२१ मध्ये आखले. मात्र उष्णता नेमकी राखायला यंत्र लागते. हे काम घरच्या चुलीवरचे नव्हे. गावाने मिळून करण्याचे आहे.

शाळेत मात्र मोठा धडा लहान डब्यात दाखवता येईल. पत्र्याच्या डब्यात लाकडाचे वाळलेले तुकडे भरा, घट्ट झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि मोकळ्या मैदानात चुलीवर ठेवा. मुलांना लांब उभे करा. आधी वाफ येईल, मग धूर. त्याला लांब काडीने पेटवा, तो जळेल. भट्टीतून फुकट जाते ते हेच जळण. धूर थांबला, की डबा उतरवून भोक चिखलाने बुजवा आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. हवा लागताच कोळसा पेट घेईल.

शेवटी एक इशारा. माझ्या लहानपणी आमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावल्या होत्या. धूर नव्हता, म्हणून सारे निर्धास्त होते. आजीला बाळंतीण हाकेला ओ देईना, तेव्हा दार उघडले. सुदैवाने मायलेकरे वाचली. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नका.

आणि उद्यापासून करण्याजोगे? सरपण फोडून ठेवा, पावसाळ्याआधी आडोशाला रचा, वारा लागू द्या. यंत्र येईल तेव्हा येईल; ऊन आणि वारा आज आपल्या दारात आहेत, आणि तेही फुकट!