सोलापूरची दूरची सून

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशी स्थायिक झालेली आपली मुले, त्यांचे संसार आणि येथे राहिलेल्या आपण आई-आज्या, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. विषय कळताच मला आपल्याच गावाची एक सून आठवली. त्या जैन नव्हत्या, मराठीही नव्हत्या आणि सासरी कधी नांदल्या नाहीत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या पत्नी, क्वो छिंगलान.

डॉक्टरांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते गेले. तिकडे असतानाच वडील निवर्तल्याची बातमी आली, तरी हाती घेतलेले काम टाकून ते परतले नाहीत. पथकातील इतर सर्व जण यथावकाश मायदेशी आले. कोटणीस मात्र तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी शिजियाजुआंग शहरात आहे.

परंतु मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रीविषयी.

छिंगलान या परिचारिका होत्या आणि परिचर्येचे शिक्षणही देत. दोघांची प्रथम भेट १९४० मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी झाली. तोवर कोटणीस चिनी भाषा बोलू लागले होते, आणि या परदेशी माणसाविषयी त्यांना आदर वाटला तो प्रथम या भाषेमुळेच. भगिनींनो, ही गोष्ट लहान नाही. परक्या घरी प्रवेश मिळतो तो भाषेच्या दारातून. १९४१ मध्ये विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला, आणि तो साडेतीन महिन्यांचा असताना वडील गेले. संसार उणापुरा वर्षभराचा!

मुलाचे नाव सेनानी न्ये रोंगझेन यांनी सुचविले : यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. नाव ठेवणे सोपे असते. ते वागविणे किती कठीण, हे त्या मातेलाच ठाऊक असणार. ज्या देशाच्या नावाने मुलाला हाक मारावयाची, तो देश त्यांनी तोवर डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर चित्रपट काढला आणि जयश्रीबाईंनी छिंगलानची भूमिका केली. आपल्या पिढीला पुष्कळ वर्षे या बाई पडद्यावरच्याच माहीत होत्या. खऱ्या छिंगलान तेव्हा चीनमध्ये चार वर्षांच्या मुलाला वाढवीत होत्या.

पुढे १९६२ चे युद्ध झाले. यिनहुआ तेव्हा वीस वर्षांचा होता. ज्याच्या नावातच दोन देश शेजारी बसविले होते, ते देश एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. त्या दिवसांत त्या घरात काय बोलणे झाले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. मुलगा वडिलांप्रमाणे वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागला होता. १९६७ मध्ये, शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास, तोही गेला.

छिंगलान यांनी पुढे दुसरा विवाह केला होता. त्या काळच्या आपल्या समाजात अशा स्त्रीचे सासर तेथेच संपले असते. येथे तसे झाले नाही. कोटणीस कुटुंबाशी त्यांचा जिव्हाळा टिकला. त्या भारतात वारंवार आल्या, आणि २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, दालियन येथे निवर्तल्या. पती नाही, पुत्र नाही, तरी नाते आहे. या नात्याचे श्रेय मी त्यांना जितके देते, तितकेच सोलापूरच्या त्या घरालाही देते.

आता आपल्या घरांकडे वळते. आपली मुले नोकरीसाठी जातात, ध्येयासाठी देह झिजवायला नव्हे. तेव्हा तुलना फार ताणू नये. पण सून परकी असण्याचा प्रश्न तोच आहे. माझी सूनबाई चिनी नाही, पण मराठीही नाही. न्यू जर्सीला तिच्याकडे गेले, तेव्हा पहिली अडचण आली ती चौविहाराची. सोलापुरात सूर्यास्त वर्षभरात तासा-सव्वातासाने मागेपुढे होतो. तेथे जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार! मंडळी कामावरून परतायच्या आधीच दिवस मावळलेला. मी काही बोलण्यापूर्वीच तिने महिन्याभराच्या सूर्यास्ताच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या होत्या आणि माझे ताट दुपारी चारला वाढून ठेवण्याची व्यवस्था केली होती. ती स्वतः रात्री जेवते. मला त्याचे दुःख नाही, असे म्हणणार नाही. पण नातवाने तो कागद पाहून विचारले, “आजी सूर्याला विचारून का जेवते?” आणि उत्तर त्याच्या आईने दिले. बारीक जीवजंतूंविषयी, अहिंसेविषयी, तिला समजले होते तसे. माझ्या इंग्रजीला ते जमले नसते.

म्हणून जमलेल्या सासवांना माझी विनंती आहे. सुनेची परीक्षा घेण्याआधी तिला पुस्तक तरी द्या. णमोकार मंत्राचा अर्थ सांगणारे, कंदमूळ का वर्ज्य ते समजावणारे, तिला वाचता येईल अशा भाषेतले. मुलांना आजीची भाषा शिकवायची असेल, तर आजीनेही थोडी त्यांची शिकावी.

विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवते. परदेशातील आपल्या मुलांसाठी रविवारची पाठशाळा येथून चालविता येईल. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ होतात तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे सात वाजतात. दोन्हीकडे सोयीची वेळ आहे. शिकवायला आम्ही पाच-सहा जणी तयार आहोत. आणि सुट्टीत नातवंडे येतील तेव्हा त्यांना भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारकात अवश्य न्या. तेथे त्यांना यिनहुआ या नावाचा अर्थ सांगा. तो त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल.