गांधीनगरची घरघर

नाशिकच्या गांधीनगरात डोक्यावर हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली, की समजावं, लष्कराचे होणारे वैमानिक सराव करताहेत. त्यांची शाखा, आर्मी एव्हिएशन कोअर, १९८६ साली स्थापन झाली. गांधीनगरात शिकायला येणारा आधी लष्करी अधिकारी, मग वैमानिक. सगळ्यांत अवघड काय? उडणं नव्हे, हवेत एका जागी थांबणं! डावा हात उंची सांभाळतो, उजवा दिशा, पाय शेपटीचा पंखा; एक हलवलं की बाकीची दोन्ही सावरायची. २०२२मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक इथूनच कोअरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. सियाचीनला नेमणूक झाली, तर विरळ हवेत चीता हेलिकॉप्टर जेमतेम ओझं उचलतं. तिथं वरचा पंखा चालू ठेवूनच सामान उतरवायचं, नि लगेच निघायचं.