सुटण्याच्या आधीची सोबत

तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला सोबत कधीपासून द्यायची? मी सांगतो, सुटण्याच्या आधीपासून.

दीड वर्षापूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुणाला जामीन मंजूर झाला. पण जामीनदार मिळेना, म्हणून तो आणखी दोन महिने आतच राहिला. मी मुलाखतीला जात होतो, पण आदेशात अट काय आहे ते कधी विचारलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलंय, की महिन्याभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. कैद्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो. मला हे उशिरा कळलं. दोन महिने मात्र त्याचे गेले.

आता मुलाखतीत मी तीन गोष्टी विचारतो: जामिनाची अट काय, आधार कार्ड कुठे आहे, सुटल्यावर राहणार कुठे. सुटल्यानंतर पुढच्या तारखेला त्याच्यासोबत कोर्टात जातो. तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं आणि माणूस पुन्हा आत. खटला चालू आहे म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हे मोहल्ल्यालाही सांगावं लागतं.

यासाठी वकील असायची गरज नाही. एका माणसाच्या तारखा वहीत लिहून ठेवा. तिथून सुरुवात करा.