खिशातील विजेरीची पारख

पावसाळ्याच्या तोंडावर, नेहमी खिशात बाळगता येईल अशा लहान विजेरीची पारख कशी करावी, याविषयी चार शब्द सांगावेत अशी सूचना आकाशवाणीकडून आली आणि पदार्थविज्ञान शिकविण्यात हयात घालविलेल्या मला ती मनापासून आवडली. कारण विजेरी ही आपण विकत घेतो खरी, पण पारखून घेत नाही. आणि जी वस्तू अडचणीच्या घटकेलाच हाती यावयाची, तिच्याबाबत एवढी हयगय बरी नव्हे.

खेड्यापाड्यांतून तिला ‘बॅटरी’ म्हणतात, शहरांत ‘टॉर्च’. मी विजेरी म्हणेन. अमेरिकेत 1899 साली तिच्या हल्लीच्या नळीसारख्या रूपाचे पेटंट दिले गेले. त्या काळचे कोरडे सेल इतके दुबळे आणि दिव्यातली कोळशाची तार इतकी खादाड, की कळ दाबून क्षणभर उजेड पाडावयाचा आणि सेलला विसावा द्यावयाचा, असा तिचा वापर असे. अमेरिकेत तिला ‘फ्लॅशलाइट’ म्हणजे चमकून जाणारा दिवा हे नाव पडले ते याच कारणाने. पुढे तारेच्या जागी एलईडी आला: प्रखर निळा प्रकाश देणारा एलईडी 1990 नंतरच्या दशकात जपानमध्ये सिद्ध झाला, त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळू लागला, आणि त्या निळ्या दिव्यासाठी 2014 चे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. आज अंगठ्याएवढ्या विजेरीत, आमच्या लहानपणच्या तीन सेलच्या पितळी विजेरीला लाजवील असा उजेड आहे. मग पारख कशाची करावयाची?

आपण दुकानात जातो ते बहुधा दिवसा. दुकानदार कळ दाबतो, समोरच्या भिंतीवर झोत टाकतो, आपले डोळे दिपतात आणि सौदा ठरतो. वेष्टनावर ‘हजार ल्यूमेन’ असे ठसठशीत छापलेले असते. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सर्व बाजूंना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. पण आपला डोळा काही हिशेबनीस नव्हे. प्रकाश दुप्पट केला तरी त्याला तो दुप्पट भासत नाही, त्यासाठी तो सुमारे चौपट करावा लागतो. शिवाय एवढ्याशा नळीत एवढा उजेड केला की ती तापते, आणि चांगल्या बनावटीची विजेरी स्वतःच काही मिनिटांत उजेड उतरविते. ‘तीन तास चालते’ या दाखल्याचा अर्थही नीट समजून घ्यावा: प्रचलित मोजणीत, उजेड आरंभीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा सारा वेळ त्यात धरलेला असतो. ‘शंभर मीटर झोत’ याचाही अर्थ असा, की तेवढ्या अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो. तेथील माणूस ओळखू येईल अशी हमी त्यात नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की विजेरी पारखताना तिचा सर्वांत जास्त उजेड पाहू नका. सर्वांत कमी उजेड पाहा.

हे चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. दिवे गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, मग हळूहळू चौकट दिसते, पाण्याचा माठ दिसतो, अंगणातले तुळशीवृंदावन दिसते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाचा आहे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हावयास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि निसर्गाने एवढ्या सावकाशीने दिलेली ही दृष्टी एका झगझगीत झोताने क्षणात नाहीशी होते. त्या झोताच्या वर्तुळात सारे काही दिसते, पण वर्तुळाबाहेर पूर्वीपेक्षाही गडद काळोख होतो. रात्री दोन वाजता तापलेल्या लेकराच्या औषधाची बाटली शोधावयाची आहे, शेजारी म्हातारी आई नुकतीच झोपली आहे. तेथे हजार ल्यूमेनचे काय काम? तेथे एका ल्यूमेनचा, किंबहुना त्याहूनही कमी, असा मंद प्रकाश हवा, की जो बाटलीवरील अक्षरे दाखवील आणि कुणाची झोप मोडणार नाही. असा मंद प्रकाश एका पेन्सिल सेलवर कित्येक दिवस अखंड मिळू शकतो. आणि विजेरी सुरू होताना तो प्रथम लागला पाहिजे; आधी डोळे दिपविणारा झोत, मग उघडझाप करणारा दिवा, आणि सरतेशेवटी मंद प्रकाश, अशी उलटी रचना असेल तर ती विजेरी दुकानातच ठेवून यावी. पुन्हा सांगतो: जास्त उजेड नव्हे, कमी उजेड पाहा.

शेतावरच्या वाटेला अर्थात याहून अधिक उजेड लागतो. आपल्याकडे शेतीपंपांची वीज पुष्कळदा रात्रीची येते आणि शेतकऱ्याला पिकाला पाणी द्यावयास अंधारातच बांधावर जावे लागते. मण्यार रात्रीच हिंडते, आणि फुरसे मातीच्या रंगात मिसळून बसते. येथे उजेडाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या जातीला महत्त्व आहे. निळसर झाक असलेल्या हलक्या प्रतीच्या प्रकाशात तांबूस आणि तपकिरी छटा फिक्या पडतात, माती आणि तिच्यावरचा जीव यांतला भेद पुसट होतो. याची खातरजमा घरीच करता येते: अंधाऱ्या खोलीत कुंकवाचा करंडा आणि आपला तळहात विजेरीखाली धरा. कुंकू लालभडक आणि तळहात जिवंत दिसला, तर प्रकाश चांगला; कुंकू मळकट आणि हात निस्तेज दिसला, तर तो प्रकाश बांधावर नेऊ नये.

मोबाइलमध्ये दिवा असताना विजेरी कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. संकटात मदत बोलवावयाची ती त्याच मोबाइलवरून. त्याची शक्ती वाट उजळण्यात खर्ची घालणे शहाणपणाचे नाही. आणि आणखी एक तक्रार मांडतो. बोलताना समोरच्याच्या तोंडावर झोत मारण्याची खोड आपल्याकडे फार आहे. झोत जमिनीवर, पावलांपुढे चार हात असावा. समोरच्या माणसाला आंधळे करून त्याचे नाव विचारू नये.

वेळ संपत आला आहे, म्हणून उरलेल्या बाबी थोडक्यात. एका पेन्सिल सेलवर चालणारी विजेरी खिशाला उत्तम, कारण तो सेल गावच्या दुकानातही मिळतो. अंगावर खाचा असाव्यात, ओल्या हातातून ती निसटू नये. पावसात भिजली तरी चालावी. मागचे झाकण पाव फेरा सैल केले की बहुतेक धातूच्या विजेऱ्या खिशात आपोआप लागत नाहीत. लिथियमचा सुटा सेल किल्ल्या आणि नाणी यांच्यासोबत खिशात कधीही ठेवू नये; धातू लागून तो पेट घेऊ शकतो.

आणि सेल विजेरीत विसरू नका. माझी एक आवडती विजेरी कपाटात दोन वर्षे सेलसकट पडून राहिली, आणि गरजेच्या रात्री झाकण उघडले तो आतून क्षार पाझरून स्प्रिंग गंजून गेली होती. तेव्हा माझी विनंती एवढीच, की हे भाषण संपताच घरातली विजेरी घ्या, झाकण उघडा, सेल काढून पाहा, पांढरी भुकटी दिसली तर तिला उघड्या हाताने स्पर्श न करता कोरड्या फडक्याने पुसा, नवे सेल घाला आणि विजेरी उशाशी ठेवा.