विक्री की कुळवहिवाट?



समाजवादी लोक सामान्य माणसाची चीजवस्तू हिरावून घेतील, असा आरोप खाजगी मालमत्तेचे कैवारी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. प्रत्यक्षात ही हिरावणूक कोण करीत आहे, हे एकदा तपासले पाहिजे.

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' व 'ॲनिमल फार्म' ही विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून, त्यांना न विचारता, परस्पर पुसून टाकली. ज्याने ती विक्रीस ठेवली होती त्याच्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसे परत मिळाले; कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. परंतु कागदी पुस्तकाचा दुकानदार, प्रत चुकून विकली गेली म्हणून, गिऱ्हाइकाच्या घरात शिरून ती कपाटातून काढून नेऊ शकतो काय? एप्रिल २०१० मध्ये सोनी कंपनीने तर विकलेल्या 'प्लेस्टेशन-३' यंत्रांवर दुसरी संगणकप्रणाली चालविण्याची सोयच काढून घेतली. ज्यांनी हा बदल नाकारला, त्यांना कंपनीच्या जाळ्यावर खेळण्यास मज्जाव झाला.

याचे मर्म करारात आहे. बटणावर 'खरेदी' असते, बारीक अक्षरांत 'परवाना' असतो. कागदी पुस्तक मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, मुलांसाठी ठेवता येते. परवान्याच्या पुस्तकाला सहसा यांतले काहीच लागू होत नाही. म्हणजे कंपनी विक्रीची किंमत घेते आणि जमीनदाराचा हक्क स्वतःकडे राखते. ग्राहक कूळ बनतो, तेही कूळकायद्याचे संरक्षण नसलेले कूळ!

कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे? भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५-ए अन्वये, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, परवाना असल्याचे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास बंदी आली. पाटी प्रामाणिक झाली. मालकी मात्र मिळाली नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. पण समिती म्हणजे कायदा नव्हे.

उत्पादनसाधनांवर समाजाची मालकी मागणाऱ्या चळवळीने श्रमिकाच्या वापरातील वस्तूवरील त्याची मालकीही तितक्याच निष्ठेने राखली पाहिजे. विकलेली वस्तू परस्पर काढून घेता येणार नाही, ती दुरुस्त करण्याचा व दुसऱ्यास देण्याचा हक्क घेणाऱ्याचाच राहील, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्राहकांपर्यंत न्यावी. 'कसेल त्याची जमीन' म्हणणाऱ्यांना 'मोल मोजेल त्याची वस्तू' हे म्हणणे जड जाऊ नये.