एक माणूस, एक नाव

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांच्या अभ्यासावर चार शब्द बोलावेत, अशी आज मला सूचना होती. परंतु अभ्यास सुरू होण्यापूर्वी शाळेत एक काम होते, ते म्हणजे रजिस्टरात मुलाचे नाव लिहिणे. त्या एका ओळीबद्दलच मी बोलणार आहे. त्या ओळीत माझ्या हातून चूक झाली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत घालायला मी गेलो होतो. मास्तरांनी नाव विचारले. जन्माच्या नोंदीत ‘हव्वा’ होते. मी घरात हाक मारतो ते ‘हवाबी’ सांगितले. तेच दाखल्यावर आले, दाखल्यावरून पासपोर्टवर गेले. लग्न होऊन ती इंग्लंडला गेली आणि पुढे तेथील नागरिक झाली. पहिल्या ब्रिटिश पासपोर्टवर ‘हवाबी’ आणि वडिलांचे नाव होते. त्यावरच भारताचे ओसीआय कार्ड निघाले. पुढे नूतनीकरणाच्या वेळी तिने ‘हव्वा’ आणि नवऱ्याचे आडनाव असे करून घेतले. कार्ड मात्र जुनेच राहिले.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी अब्बांचा इंतकाल झाला. बहीण पोहोचेल या हिशेबाने दुसऱ्या दिवशी जोहरनंतर दफन ठरले. तिच्या मुलाने घाईघाईत तिकीट काढले, ते घरच्या नावाने. विमानतळावर तिकिटावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, कार्डावर तिसरे. निकाहाचा दाखला आणि जुना पासपोर्ट घरी पेटीत. विमान निघून गेले. मुलाने रातोरात कागद आणले, पासपोर्टवरील नावाने नवे तिकीट घेतले, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या विमानात तिला घेतले. ती घरी आली तेव्हा अब्बांच्या कबरीवरची माती सुकू लागली होती. काऊंटरवरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर तीन बायकांचे कागद होते.

यातून ज्या गोष्टी शिकलो, त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट नागरिकत्वाची. आपल्यातील पुष्कळ लोक ओसीआय कार्डाला ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात. तो गैरसमज आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे जो स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो; तो जवळ ठेवून वापरणे गुन्हा आहे. २००५ साली सुरू झालेले हे कार्ड म्हणजे येण्याजाण्याची व राहण्याची कायमची मुभा. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. प्रवास परदेशी पासपोर्टवरच होतो आणि कार्ड सोबत लागते. म्हणून पासपोर्टवरील नाव बदलले की कार्डही नवे करून घ्यावे.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडे खरोखरच दोन देशांचे पासपोर्ट आहेत त्यांची. केप टाऊनमध्ये आपली कोकणी मुसलमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दक्षिण आफ्रिकेचा कायदा सांगतो की, तेथील नागरिकाने देशात येताना व जाताना तेथलाच पासपोर्ट दाखवावा. ब्रिटन दोन नागरिकत्वे चालू देते, पण दुसऱ्या पासपोर्टवरील नाव वेगळे असेल तर ते आधी जुळवून घ्या, असे तेथील पासपोर्ट कार्यालय सांगते. तोवर ज्या पासपोर्टवर प्रवास, त्याच नावाचे तिकीट काढावे आणि दोन नावे जोडणारा दाखला हातातल्या पिशवीत ठेवावा, सामानात नव्हे.

तिसरी गोष्ट आखाताची, म्हणजे आपल्या घराघरातली. भारतीय पासपोर्टवर आडनावाचा व नावाचा असे दोन रकाने असतात. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून जाहीर केले की, यातला एक रकाना रिकामा असलेल्यास भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. मागाहून दुसऱ्या पानावर वडिलांचे वा घराण्याचे नाव असल्यास काही सवलत मिळाली. पण मुलाला भेटायला निघालेल्या आईने विमानतळावर सवलतींचा वाद का घालावा? पासपोर्ट काढतानाच दोन्ही रकाने भरा.

आता मोहम्मद या मुबारक नावाचेच पाहा. उर्दूत मीम, हे, मीम, दाल ही चार अक्षरे. त्यात फरक होत नाही. इंग्रजीत मात्र कोणी ‘यू’ घालतो, कोणी ‘ओ’, कोणी एक ‘एम’ लिहितो, कोणी दोन, तर कोणी नुसते ‘एमडी’ लिहून मोकळा होतो. पासपोर्टच्या तळाशी चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या यंत्र वाचते. यंत्राला उच्चार कळत नाही. त्याला फक्त अक्षरे कळतात.

म्हणून पालकांना विनंती आहे. बाळाचे नाव ठरले की इंग्रजी स्पेलिंगही ठरवून कागदावर लिहून ठेवा. जन्माची नोंद त्याप्रमाणे करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, हे ध्यानात घ्या. शाळेत येताना तो दाखला घेऊन या. तोंडी नाव सांगू नका. मुलींच्या पालकांनो, लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचे असेल तर सर्व कागदांवर बदला. जुनी चूक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून ती आजच दुरुस्त करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचे प्रगतिपुस्तक शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून पाहा. तुमच्यातून उद्या कोणी डॉक्टर होईल, कोणी दुबईला जाईल, कोणी लंडनला. कुठेही जा, पण घरून बोलावणे आले तर त्याच रात्री निघता आले पाहिजे.

माझ्या बहिणीने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच मी हे बोललो.