लेकीच्या हातातलं पुस्तक



आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने गाऱ्हाणं मांडलं. "पोरगी नववीत आहे. मोबाइल सोडत नाही, पुस्तक धरत नाही." तिने आणलेलं पुस्तक आम्ही चाळलं. पानोपानी एकच : लवकर उठा, उलट बोलू नका, वेळ वाया घालवू नका. हे तर आपण घरात दिवसभर ऐकवतोच! तेच पुन्हा वाचायला पोरगी कशाला बसेल?

मुलांना धरून ठेवणारी पुस्तकं वेगळी असतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात ४२ रात्री आहेत. एका रात्री एक आठवण, एका बैठकीत वाचून होईल एवढी. शिवाय श्याम चुकतो, घाबरतो, हट्ट करतो. आपल्यासारखाच चुकणारा सोबती भेटला की मुलं पुढचं पान उलटतात.

दुसरं पुस्तक आजचं. अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांचं मासिक पाळीवरचं 'मेन्स्ट्रुपीडिया' हे चित्रकथेचं पुस्तक मराठीतही आहे. त्यात मैत्रिणी बोलतात, मनातलं विचारतात आणि प्रियादीदी समजावून सांगते. पाळी का येते, पॅड कसं वापरायचं, हे सगळं चित्रांतून कळतं. कुणी रागावत नाही.

हे पुस्तक आम्ही ओसरीवर मुलींसोबत वाचलं. आधी खुसुखुसू हसू, मग सगळ्या गप्प. एक मुलगी हळूच म्हणाली, "मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मोठा आजार झाला असं वाटलं. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही." तिची आई शेजारीच बसली होती. तिचे डोळे भरले. आम्ही सगळ्याच खाली मान घालून बसलो. कर्ज, हप्ते, व्याज यावर तासन् तास बोलणाऱ्या आम्ही; लेकींशी हे कधी बोललोच नव्हतो.

म्हणून पुस्तक घेताना मधलंच एखादं पान उघडून बघा. त्यात मुलांचे प्रश्न आहेत की नुसता उपदेश? आज करून बघता येईल असं काही आहे का? निवड लेकीलाच करू द्या. वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका, "तुला काय वाटलं?" एवढंच विचारा. एकटीला परवडत नसेल तर गटात मिळून घ्या आणि घरोघरी फिरवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, तेही चांगलं आहे.

आणि सख्यांनो, लेक वाचत असेल तेव्हा भांडी घासायला हाक मारू नका. अर्धा तास भांडी थांबतील.